मोबाईलवरून घराची राखण : अडचणी आणि उपाय

(सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि मुख्याध्यापक यांच्या तालुकास्तरीय प्रशिक्षण वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आज आपणांपुढे मांडावयाचा विषय दिसावयास लहान आहे. घरी, शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात सीसीटीव्ही कॅमेरे बसविलेले असतात. त्यांचे चित्र मोबाईलवर पाहण्याची सोयही करून दिलेली असते. काही महिने सारे सुरळीत चालते आणि एके दिवशी फोनवर चित्राऐवजी ‘उपकरण ऑफलाइन’ एवढीच अक्षरे उमटतात. अशा वेळी आरंभ कोठून करावा, काय करावे आणि काय मुळीच करू नये, एवढ्या मर्यादेतच मी बोलणार आहे.

विषय लहान असला तरी त्याचे महत्त्व लहान नाही. मुले नोकरीधंद्यासाठी शहरात आणि वृद्ध आईवडील गावच्या घरात, ही स्थिती आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शाळांच्या आवारात सीसीटीव्ही बसविणे बंधनकारक केले. त्यामुळे या यंत्रणेची जबाबदारी आता केवळ घरमालकावर नाही, ती मुख्याध्यापकांवरही आहे. जी वस्तू आपण जबाबदारीने वापरावयाची, तिचे कार्य कसे चालते याची ओळख आपणांस असलीच पाहिजे.

एक अनुभव

माझ्या घरचाच अनुभव सांगतो. माझी आई गावी एकटी राहते. वय ऐंशीच्या पुढे. घराला चार कॅमेरे आहेत : दोन अंगणात, एक परसदारी आणि एक ओसरीवर. चित्रण साठविणारा डीव्हीआर माजघरातील कपाटावर आहे. रात्री झोपण्यापूर्वी फोनवर एकदा ओसरी पाहावयाची, हा माझा नेम होता. गेल्या पावसाळ्यात एका रात्री चित्र येईना. आईचा फोनही लागेना. मी तासभर फोनशी झटापट केली आणि अखेर शेजारच्या काकांना फोन केला. ते भर पावसात बॅटरी घेऊन गेले. आई स्वस्थ झोपली होती. सायंकाळपासून वीज नव्हती आणि तिच्या फोनचे चार्जिंग संपले होते, इतकेच.

दुसऱ्या दिवशी वीज आली, परंतु चित्र आले नाही. ते पुढे नऊ दिवस आले नाही. कॅमेरे बसविणाऱ्या कारागिराने, डीव्हीआर जळाला आहे, नवा घ्यावा लागेल, असे सांगितले. मी गावी गेलो आणि डीव्हीआरला टीव्ही जोडून पाहिला, तो नवलच! नऊही दिवसांचे चित्रण जागच्या जागी होते. वीज नव्हती तेवढ्या तासांची जागा मात्र रिकामी होती. कॅमेरे शाबूत होते, डीव्हीआर शाबूत होता. दोष होता तो वाटेत.

दिसणे वेगळे, नोंद होणे वेगळे

या अनुभवातून मिळणारा पहिला धडा असा की, फोनवर चित्र दिसणे आणि चित्रणाची नोंद होणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. कॅमेरा चित्र घेतो, डीव्हीआर ते आपल्या हार्ड डिस्कवर साठवितो, आणि या कामास इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागते ते दूर बसून पाहण्यासाठी. म्हणून फोनवरचे चित्र गेले की यंत्र मोडले असे समजू नये. आणि याच्या उलट बाजूचा विसर तर मुळीच पडू देऊ नये. फोनवर चित्र स्वच्छ दिसत असते, परंतु हार्ड डिस्क महिन्यापूर्वीच निकामी झालेली असते, असेही घडते. चोरी झाल्यावर पोलिस चित्रण मागतात, तेव्हा ही गोष्ट उघड होते. यासाठी आठवड्यातून एकदा कालचे आणि आठ दिवसांपूर्वीचे चित्रण प्रत्यक्ष चालवून पाहावे.

चित्रण किती दिवस राहते, याचाही हिशेब ठेवावा. चार कॅमेरे प्रत्येकी दोन मेगाबिट वेगाने अखंड नोंद करीत असतील, तर दिवसाला सुमारे ८६ गिगाबाइट जागा लागते. म्हणजे एक टेराबाइटची डिस्क अकरा दिवसांत भरते आणि जुन्या चित्रणावर नवे लिहिले जाऊ लागते. मी आणखी तीन दिवस उशिरा गेलो असतो, तर त्या दिवसाचे चित्रण मला मिळाले नसते.

निदानाचा क्रम : जवळून दूर

वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. येथेही तोच नियम आहे. दोष शोधताना जवळच्या वस्तूपासून आरंभ करावा आणि एकेक पायरी दूर जावे. कॅमेरा, डीव्हीआर, राउटर, इंटरनेटची लाइन आणि शेवटी फोनवरील ॲप, हा तो क्रम होय. बहुतेक माणसे उलट करतात. ती प्रथम ॲप काढून टाकतात, पुन्हा घालतात, पासवर्ड विसरतात आणि एका अडचणीच्या दोन करून ठेवतात.

पहिली पायरी विजेची. अनेक घरांत डीव्हीआर इन्व्हर्टरवर असतो, परंतु राउटर आणि फायबरची पेटी साध्या प्लगवर असतात. वीज गेली की नोंद चालू राहते आणि वाट बंद होते. या दोन्ही लहान पेट्या इन्व्हर्टरवर घेतल्या, तर निम्म्या तक्रारी उद्भवणारच नाहीत. राउटर बंद करून अर्धा मिनिट थांबावे, मग चालू करावा आणि पाच मिनिटे वाट पाहावी. हा उपाय साधा आहे, पण तो प्रथम करावयाचा आहे.

दुसरी पायरी डीव्हीआर आणि राउटर यांमधील केबलची. केबलच्या टोकाशी लहान दिवे लुकलुकत असले पाहिजेत. ते विझलेले असतील तर केबल सैल आहे, उंदराने कुरतडली आहे किंवा खोबण खराब आहे. दुसरी केबल लावून पाहिली की उलगडा होतो.

तिसरी पायरी पत्त्याची. डीव्हीआरच्या नेटवर्कच्या पानावर त्याचा आयपी पत्ता लिहिलेला असतो. तो बहुधा १९२.१६८ या अंकांनी सुरू होतो. आता असे समजा की आपण इंटरनेटची कंपनी बदलली आणि नवा राउटर आला. जुन्या राउटरची मालिका १९२.१६८.१ होती, नव्याची १९२.१६८.० आहे. डीव्हीआरमध्ये जुना पत्ता कायम करून ठेवलेला असेल, तर दोघे एकाच खोलीत असूनही एकमेकांस ओळखत नाहीत. अशा वेळी डीव्हीआरला पत्ता आपोआप घेण्याची मुभा द्यावी. त्या व्यवस्थेस डीएचसीपी म्हणतात. त्याच पानावर गेटवे आणि डीएनएस हे रकाने रिकामे नाहीत ना, तेही पाहावे. डीएनएस चुकीचा असेल तर घरात चित्र दिसते, पण बाहेरच्या सेवेशी डीव्हीआरचा संबंध जुळत नाही.

चौथी पायरी घड्याळाची. डीव्हीआरमधील लहान सेल संपला की वीज जाताच तारीख अनेक वर्षे मागे जाते. तारीख चुकली की काही कंपन्यांची सेवा जोडणी नाकारते. शिवाय चुकीच्या वेळेचे चित्रण पुरावा म्हणून सादर करताना अडचण येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ अन्वये अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. घड्याळ अर्धा तास चुकलेले असेल, तर प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याला त्याचा खुलासा करावा लागेल, हे मुख्याध्यापकांनी विशेष लक्षात ठेवावे.

कळीची चाचणी

यानंतर येते ती सर्वांत उपयुक्त चाचणी. तिला एक पैसाही लागत नाही. घरात उभे राहून फोन घरच्या वायफायवर ठेवावा आणि चित्र येते का पाहावे. मग वायफाय बंद करून केवळ मोबाईल डेटावर तेच पाहावे. दोन्ही वेळा चित्र आले नाही, तर दोष बहुधा घरातच आहे आणि वरच्या चार पायऱ्या पुन्हा तपासाव्या. वायफायवर चित्र येते आणि मोबाईल डेटावर येत नाही, असे झाले, तर कॅमेरे व डीव्हीआर निर्दोष आहेत आणि दोष घराबाहेर जाणाऱ्या वाटेत आहे. नवा डीव्हीआर घेण्याचा सल्ला ज्यांना मिळाला असेल, त्यांनी पैसे मोजण्यापूर्वी एवढी चाचणी अवश्य करावी. माझ्या घरी हीच चाचणी केली आणि वायफायवर चित्र तत्काळ आले.

पत्त्यांची टंचाई

मग वाटेत काय झाले होते? हे समजण्यासाठी थोडे खोलात जावे लागेल. इंटरनेटवरील जुन्या पद्धतीचे पत्ते एकंदर सुमारे ४२९ कोटी आहेत. जगाच्या लोकसंख्येला ते पुरत नाहीत. जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वसाधारण साठा त्याच वर्षी एप्रिलमध्ये संपला. यावर उपाय म्हणून कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. त्यास सीजीनॅट म्हणतात. आपण त्यास सामाईक पत्ता म्हणू.

एका मोठ्या वाड्यात शंभर बिऱ्हाडे आहेत आणि टपाल खात्याला केवळ वाड्याचा पत्ता ठाऊक आहे, अशी कल्पना करा. बिऱ्हाडातून बाहेर पत्र धाडता येते आणि त्याचे उत्तरही येते. परंतु बाहेरच्या माणसाने आपण होऊन पत्र धाडले, तर ते कोणत्या बिऱ्हाडाचे, हे कोणालाच कळत नाही. सामाईक पत्त्यावरील ग्राहकाचे नेमके असेच होते. आतून बाहेर जाता येते, बाहेरून आत येता येत नाही.

आपला पत्ता सामाईक आहे किंवा काय, हे ओळखणे सोपे आहे. राउटरच्या पानावर ‘वॅन’ या शीर्षकाखाली एक पत्ता असतो. तो टिपून घ्यावा. मग घरच्या वायफायवरून ‘माझा आयपी पत्ता’ दाखविणारे एखादे संकेतस्थळ उघडावे. दोन्ही पत्ते सारखे असतील, तर पत्ता आपला स्वतंत्र आहे. ते भिन्न असतील, आणि विशेषतः राउटरवरील पत्ता १०, १९२.१६८ किंवा १००.६४ ते १००.१२७ या मालिकांतील असेल, तर आपला राउटर दुसऱ्या कोणाच्या तरी पाठीमागे आहे. क्वचित तो दुसरा राउटर घरातलीच फायबरची पेटी असते, तेवढे पाहून घ्यावे. एरवी पत्ता सामाईक आहे असे समजावे.

माझ्या घरी पूर्वी स्वतंत्र पत्ता होता. कारागिराने राउटरमध्ये बाहेरून येणाऱ्या मागणीसाठी दार उघडून ठेवले होते. यास पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. त्या रात्री वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि त्यास सामाईक पत्ता मिळाला. घराचे दार उघडेच होते, पण वाड्याचा दिंडी दरवाजा बंद झाला होता. अशा स्थितीत पोर्टचे आकडे कितीही बदलले तरी उपयोग नसतो.

उपाय कोणते?

पहिला उपाय कंपनीकडून स्वतंत्र स्थिर पत्ता घेण्याचा. त्यास सहसा जादा आकार पडतो आणि दार उघडे ठेवण्याचा धोका राहतोच. दुसरा उपाय नव्या पद्धतीच्या पत्त्यांचा. त्यांस आयपीव्ही६ म्हणतात. त्यांची संख्या ३४ वर ३७ शून्ये इतकी प्रचंड असल्याने टंचाईचा प्रश्नच नाही, परंतु जुन्या डीव्हीआरना ती भाषा येत नाही. तिसरा उपाय बहुतेक घरांना पुरेसा आहे. तो म्हणजे डीव्हीआर बनविणाऱ्या कंपनीची पीटूपी सेवा. डीव्हीआर आतून बाहेर जाऊन कंपनीच्या सर्व्हरशी संधान बांधतो. फोनही तेथेच जातो. गावातील दोन माणसांनी एकमेकांच्या घरी न जाता चावडीवर भेटावे, तसा हा प्रकार आहे. बाहेरून आत येण्याची गरजच उरत नाही. डीव्हीआरच्या पडद्यावरील क्यूआर कोड ॲपने टिपला की जोडणी होते.

चित्र येते, पण अडखळते, अशी तक्रार असेल तर तो वेगाचा प्रश्न असतो. घरातून बाहेर जाण्याचा वेग, ज्यास अपलोड म्हणतात, तो चार कॅमेऱ्यांच्या मुख्य चित्रास पुरत नाही. ॲपमध्ये ‘सब स्ट्रीम’ म्हणजे लहान चित्र निवडावे. नोंद मोठ्या चित्राचीच होत राहते, केवळ पाहणे हलके होते.

किल्ली कोणाच्या हाती?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मी क्यूआर कोड टिपला, तेव्हा फोनवर सूचना आली की, हे उपकरण अगोदरच दुसऱ्या खात्यास जोडलेले आहे. ते खाते होते कारागिराचे. बसवितेवेळी त्याने सोय म्हणून स्वतःच्या फोनवर जोडणी केली आणि ती तशीच राहून गेली. त्याचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. विचारताच त्याने संकोचाने ती काढून टाकली. परंतु माझी आई ओसरीवर बसून तांदूळ निवडते, दुपारी तेथेच लवंडते, ते चित्र इतके महिने एका परक्या फोनवर उघडता येत होते. ते मला दिसत नव्हते, याची मी नऊ दिवस चिंता केली. ते दुसऱ्याला दिसू शकत होते, याची मला वार्ताही नव्हती.

म्हणून दुरुस्तीच्या घाईत काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्या. डीव्हीआरचे संपूर्ण दार बाहेर उघडणारी ‘डीएमझेड’ ही सोय वापरू नये. राउटरमधील ‘यूपीएनपी’ बंद ठेवावे. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रणालीने कारखान्याच्या साठ-एक ठरावीक पासवर्डांची यादी वापरून जगभरचे असंख्य कॅमेरे व डीव्हीआर ताब्यात घेतले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबर रोजी अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे ज्या हल्ल्याने काही तास ठप्प झाली, त्यात याच यंत्रांचा वापर झाला होता. मालकांना त्याचा पत्ताही नव्हता. आपल्या केंद्र सरकारनेही एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेद्वारे सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाविषयक आवश्यक निकष ठरविले. ते एप्रिल २०२५ पासून लागू झाले. नवी खरेदी करताना त्या प्रमाणपत्राची विचारणा अवश्य करावी. डीव्हीआरमधील मूळ प्रणाली, जिला फर्मवेअर म्हणतात, तीही वेळोवेळी अद्ययावत करावी.

आपण काय करावे?

सरपंच आणि मुख्याध्यापक बंधुभगिनींना माझी विनंती एवढीच की, प्रत्येक यंत्रणेसाठी एक साधी वही ठेवावी. तीत डीव्हीआरचा अनुक्रमांक, तो बसविल्याची तारीख, चित्रण किती दिवस राहते, पाहण्याचा अधिकार कोणाकोणास आहे आणि साप्ताहिक तपासणी कोणी केली, याची नोंद असावी. मुख्य खाते संस्थेच्या नावाचे असावे. ते कारागिराच्या किंवा एखाद्या कर्मचाऱ्याच्या खाजगी क्रमांकावर नसावे. पासवर्ड मात्र वहीत न लिहिता बंद पाकिटात कपाटात ठेवावा. अधिकारी बदलून गेले की पासवर्ड बदलावा आणि त्याची तारीख वहीत घालावी. नव्या माणसाकडे कार्यभार सोपविताना आपण किल्ल्यांचा जुडगा देतो, तद्वतच हेही व्हावे. कॅमेऱ्याचा रोख शेजाऱ्याच्या खिडकीवर किंवा प्रसाधनगृहावर जाणार नाही, याची खात्री करून घ्यावी. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६ई अन्वये व्यक्तीच्या खाजगी अवयवांचे संमतीवाचून चित्रण करणे हा तीन वर्षांपर्यंत कारावासास पात्र असा गुन्हा आहे.

आणि शेवटची गोष्ट. त्या रात्री माझ्या आईची खुशाली मला कळविली ती चार कॅमेऱ्यांनी नव्हे, शेजारच्या काकांनी. यंत्रे उपयोगी आहेत, ती नीट राखलीच पाहिजेत. परंतु ज्या घरी वृद्ध माणूस एकटे आहे, त्या घराच्या वहीत पहिल्या पानावर शेजाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक असावा. आमच्या घरचा ओसरीवरील कॅमेरा मी आईला विचारून आता दाराकडे वळविला आहे. ती म्हणाली, “दारात कोण आलंय ते बघ. मी कशी आहे ते फोन करून विचारत जा.” मला वाटते, या यंत्राचा योग्य उपयोग कोणता, हे तिने माझ्यापेक्षा अधिक नेमकेपणाने सांगितले.